रत्नागिरी बघायला वेळ लागतो

कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम सुरू झाल्यापासून कोल्हापुरात त्याविषयी जी चर्चा कानावर येते, ती बहुतेक वेळा वाचणाऱ्या वेळेची असते. सकाळी लवकर निघायचे, दुपारच्या आत समुद्रात उतरायचे, मासे जेवायचे आणि रात्री आपल्याच घरी येऊन झोपायचे, हे आता सहज जमेल असे लोक एकमेकांना उत्साहाने सांगतात. हा उत्साह खोटा नाही. मलकापूर ओलांडल्यावर एखाद्या मालट्रकच्या मागे आंबा घाटापर्यंत रांगत गेलेल्या कोणालाही त्याचे कारण कळेल. परंतु वाचलेल्या तासांचे करायचे काय, हा प्रश्न या चर्चेत कोणी विचारत नाही. तो विचारला नाही तर हा रस्ता रत्नागिरीत अधिक गाड्या, अधिक घाई आणि अधिक कचरा तेवढा पोहोचवील, आणि रत्नागिरी मात्र आपल्याला आजच्याइतकीच अनोळखी राहील.

माझे म्हणणे एवढेच आहे, की समुद्रकाठच्या या शहराचे पर्यटन वाढले की नाही हे आलेल्या माणसांच्या संख्येवरून ठरवणे थांबवले पाहिजे. आलेला माणूस किती वेळ राहिला, त्याने काय समजून घेतले आणि त्याचा पैसा कोणाच्या हातात पडला, हे माप धरले पाहिजे. आणि हे माप धरावे असा आग्रह रत्नागिरीकरांइतकाच आपण, घाटावरच्या लोकांनीही धरला पाहिजे, कारण तिथे वर्षभर जाणाऱ्या पाहुण्यांमध्ये कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीकडच्या माणसांचा भरणा मोठा असतो. पाहुणा जे मागतो ते यजमान हळूहळू तयार करू लागतो, म्हणून पाहुण्याची मागणी ही किरकोळ बाब नाही.

आज आपण मागतो काय? शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे भाड्याची ट्रॅव्हलर ठरते. साखरपा, पाली करत गाडी हातखंब्याला येते आणि तिथून निवळीकडे वळून थेट गणपतीपुळ्याला जाते. दर्शन, समुद्रस्नान, माशांचे जेवण, परतताना आरे-वारेच्या उंचवट्यावर छायाचित्रे, आणि पुन्हा घाट. यात रत्नागिरी शहर लागतच नाही, किंवा लागले तरी पेट्रोल भरण्यापुरते आणि हंगाम असेल तर आंब्याची पेटी घेण्यापुरते लागते. गणपतीपुळ्याला जाण्यात गैर काही नाही. डोंगरालाच देवाचे रूप मानून त्या संपूर्ण डोंगराला समुद्राच्या काठाने प्रदक्षिणा घालण्याची तिथली रीत विलक्षण सुंदर आहे, आणि ती प्रदक्षिणा पायी पूर्ण करणाऱ्याला त्या देवस्थानाचा अर्थ दर्शनाच्या रांगेपेक्षा अधिक कळतो. पण त्या किनाऱ्याची उतरण आणि तिथले प्रवाह धोक्याचे आहेत, तिथे माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो, आणि तरीही घाईने आलेला माणूस घाईनेच पाण्यात धावतो. किनारा ओळखायला जो अर्धा तास लागतो, तो त्याच्या वेळापत्रकात नसतो.

कोल्हापूरकरांना हे दुखणे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये, कारण आपण ते उलट्या बाजूने रोज भोगतो. अंबाबाईच्या दर्शनाला येणारे लाखो भाविक भवानी मंडपाच्या आसपास दोन-तीन तास घालवतात, तांबडा-पांढरा रस्सा जेवतात, चपला घेतात आणि जोतिबाला किंवा नृसिंहवाडीला निघून जातात. पार्किंग, सांडपाणी आणि कोंडीचा भार शहरावर राहतो. पंचगंगेचा घाट, रंकाळ्याची जुनी तटबंदी, टाउन हॉलमधले वस्तुसंग्रहालय यांच्या वाट्याला त्या गर्दीतला फार थोडा अंश येतो. आपल्या शहराविषयी आपण ज्या तक्रारी करतो, त्याच तक्रारींचे कारण आपण रत्नागिरीत जाऊन होतो.

टाउन हॉलच्या त्या संग्रहालयाचा उल्लेख मी मुद्दाम केला. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात जे उत्खनन झाले, त्यातून रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू मिळाल्या, आणि त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी मूर्ती होती. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या या बाजूला, समुद्राच्या देवाची मूर्ती निघते, याचा अर्थ दोन हजार वर्षांपूर्वीच किनाऱ्यावरची बंदरे आणि घाटावरची पेठ एकाच व्यापाराच्या दोन टोकांना होती. घाट हा तेव्हा दोन प्रदेशांना जोडणारा मार्ग होता आणि त्यावरून माल, माणसे व दैवते ये-जा करत होती. ज्या शहराच्या जमिनीखाली असा पुरावा आहे, त्या शहराने किनाऱ्याकडे फक्त आंघोळीची जागा म्हणून पाहावे, हे मला खेदाचे वाटते.

असाच दुसरा धागा सतराव्या शतकातला आहे आणि तो पन्हाळ्यावरून थेट रत्नागिरी जिल्ह्यात जातो. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी त्याला तोफा आणि दारूगोळ्याची मदत केली. शिवाजी महाराजांनी ती गोष्ट विसरली नाही. १६६१ मध्ये त्यांनी राजापूरवर चालून जाऊन ती वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकले. पन्हाळा, पावनखिंड, विशाळगड हा मार्ग आपल्या मुलांना तोंडपाठ असतो, दरवर्षी पावसात हजारो तरुण तो चालतात, परंतु त्या कथेचा पुढचा भाग घाटाखाली राजापुरात घडला हे त्यांना सांगणारे फार कमी आहेत. २०२५ च्या जुलै महिन्यात मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांत आपला पन्हाळा आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातला हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. घाटावरचा किल्ला आणि पाण्यातला किल्ला एका यादीत आले ते एका राज्याची संरक्षणव्यवस्था म्हणून. त्या व्यवस्थेचे एक टोक पाहणे आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवणे म्हणजे अर्धेच वाक्य वाचणे होय.

आता प्रत्यक्ष शहराकडे वळू. रत्नागिरीत पाहण्यासारखे काय आहे असे विचारले तर थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, टिळकांचे जन्मस्थान, भाट्ये आणि मांडवीचा किनारा अशी नावे कोणीही सांगेल. अडचण ही, की ही नावे सांगून माणूस थांबतो आणि पर्यटकही ती नावे एकामागून एक उरकतो. यांतल्या प्रत्येक ठिकाणाला त्याची कथा हवी, आणि ती कथा ऐकायला वेळ हवा.

थिबा राजवाड्याचेच घ्या. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याचा १८८५ मध्ये इंग्रजांनी पराभव केला, त्याला कुटुंबासह मंडालेहून हलवले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून नजरकैदेत ठेवले. रत्नागिरी निवडण्याचे कारण उघड होते : तेव्हा तिथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद होई, आणि त्याच्या प्रजेपर्यंत त्याचा निरोप पोहोचणे जवळपास अशक्य होते. आज ज्या राजवाड्यात आपण जातो, तो त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधून पूर्ण झाला, म्हणजे त्याच्या बंदिवासाचे जवळजवळ पाव शतक उलटून गेल्यावर. तिथे तो जेमतेम सहा वर्षे राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. पुढे राणी मायदेशी परतली, पण थोरली राजकन्या शेवटी रत्नागिरीतच येऊन राहिली आणि तिथेच सामान्य माणसांत मिसळून तिचे आयुष्य संपले. याच्या नेमकी उलट कथा रंगूनमध्ये घडली होती. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी १८५८ मध्ये तिकडे नेले आणि १८६२ मध्ये त्याचा मृत्यूही तिकडेच झाला. दोन देशांचे दोन शेवटचे राजे एकमेकांच्या भूमीत पुरले गेले. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन भारतात आले तेव्हा ते रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीपुढे उभे राहिले, ही घटना त्या शहराच्या जागतिक महत्त्वाची साक्ष आहे.

हे सारे ठाऊक असलेला माणूस राजवाड्याच्या सज्जातून खाली भाट्याच्या खाडीकडे पाहतो तेव्हा त्याला साम्राज्यशाही म्हणजे काय ते कोणत्याही धड्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. हे ठाऊक नसलेल्याला जुनी, प्रशस्त, थोडी ओकीबोकी इमारत दिसते आणि तो वीस मिनिटांत बाहेर पडतो. दोघांनी पाहिलेल्या वास्तूत काहीच फरक नाही. फरक सांगणाऱ्याचा आहे, आणि हा सांगणारा माणूस तयार करणे, त्याला योग्य मोबदला देणे, हा पर्यटनाचा खरा पायाभूत खर्च होय असे मी मानतो. राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल ही स्थानिक संस्था शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरवते. वास्तूला जिवंत ठेवण्याचा तो एक उत्तम मार्ग आहे, आणि देवल क्लबसारख्या जुन्या संगीतसंस्थेची परंपरा सांगणाऱ्या कोल्हापुरातून त्या रात्रींना रसिकांच्या गाड्या भरून गेल्या पाहिजेत.

टिळकांचे जन्मघर आणि पतितपावन मंदिर यांविषयीही हेच म्हणता येईल. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले आणि १९३१ मध्ये सर्व जातींच्या लोकांसाठी खुले झालेले पतितपावन मंदिर, तसेच १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांची अस्पृश्यतानिवारणाची चळवळ, हा विषय शाहू महाराजांच्या करवीरातून गेलेल्या माणसाने विशेष कुतूहलाने समजून घ्यावा असा आहे. १९०२ मध्ये आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा राजा आणि तीन दशकांनंतर किनाऱ्यावर उभे राहिलेले हे मंदिर यांच्या वाटा वेगळ्या होत्या, प्रेरणाही वेगळ्या होत्या. त्या कशा वेगळ्या होत्या याची चर्चा त्या मंदिराच्या पायरीवर बसून करावी. सहलीत अशी चर्चा होऊ शकते यावर माझा विश्वास आहे.

समुद्राचे म्हणाल तर रत्नागिरीला एकच समुद्र नाही. मांडवीकडची वाळू काळसर, मिऱ्याच्या बाजूची पांढरी, आणि स्थानिक लोक त्यांना काळा समुद्र व पांढरा समुद्र अशाच नावांनी ओळखतात. मिऱ्याचा किनारा लाटांनी सतत खचत आला आहे आणि त्यासाठी तिथे धूपप्रतिबंधक बंधारे घालावे लागले. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात भरकटलेले एक मालवाहू जहाज याच किनाऱ्यावर येऊन रुतले, आणि ते बघायला व त्याच्याबरोबर छायाचित्र काढायला गर्दी होऊ लागली. त्या गर्दीतल्या किती जणांनी शेजारचा खचणारा किनारा पाहिला असेल? झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथल्या मत्स्यालयात आपल्याच समुद्रातले जीव पाहायला मिळतात आणि देवमाशाचा भलामोठा सांगाडाही आहे. भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे. मिरकरवाडा हे राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक आहे, आणि होड्या लागल्यावर तिथे चालणारा लिलाव पाहिला म्हणजे ताटातल्या सुरमईची किंमत कशी ठरते, १ जून ते ३१ जुलै मासेमारी का बंद असते, लहान होडीवाला आणि मोठ्या जाळ्यांचा मालक यांच्यात तंटा कशावरून आहे, हे सारे समजू लागते. अर्थात बंदर हे लोकांच्या पोटापाण्याचे ठिकाण आहे. तिथे घोळक्याने घुसून वाट अडवणे योग्य नाही, आणि म्हणूनच तिथेही मच्छीमार समाजातलाच वाटाड्या हवा, त्याने ठरवलेल्या वेळी आणि त्याने दाखवलेल्या जागीच पाहुण्यांनी उभे राहावे.

तथापि रत्नागिरीचे सर्वांत मोठे धन यांपैकी कशातही नाही असे माझे मत आहे. ते किनाऱ्याच्या मागे, जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट, उघड्या पठारांवर आहे. कोल्हापूरहून जाणारा माणूस हे सडे गाडीच्या काचेतून पाहतो आणि त्याला ते उजाड माळ वाटतात, कारण मे महिन्यात ते खरोखरच भाजून काळे पडलेले असतात. याच कातळांवर कधी काळी माणसांनी हत्ती, गेंडा, वाघ, मासे, पक्षी, मानवी आकृती आणि आजही न उलगडलेल्या भौमितिक रचना कोरून ठेवल्या. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृती आहेत. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे अशा गावांच्या सड्यांवर ही कातळशिल्पे पसरलेली आहेत. रत्नागिरीच्या हौशी अभ्यासकांनी, त्यांत निसर्गयात्री संस्थेचे नाव आवर्जून घेतले पाहिजे, गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून, माती बाजूला सारून त्यांचा शोध घेतला आणि नोंदलेल्या आकृतींची संख्या हजाराच्या पुढे नेली. २०२२ मध्ये या शिल्पांपैकी नऊ स्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नोंदवली गेली, आणि त्यांतली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत. अनेक अभ्यासक यांतली काही शिल्पे मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. काळाविषयी मतभेद असले तरी गेंडा कोरणाऱ्या माणसाने गेंडा पाहिलेला असणार, आणि मग तेव्हाचे कोकण कसे होते हा प्रश्न कोणत्याही वयाच्या माणसाला अस्वस्थ करतो.

सड्याचे दुसरे धन पावसाळ्यात दिसते. पहिल्या पावसानंतर जूनमध्ये रत्नागिरीच्या चंपक मैदानासारख्या जागी दीपकाडीची पांढरी फुले उमलतात, आणि ही वनस्पती फक्त कोकणात आढळते. पुढे श्रावण-भाद्रपदात कातळावरच्या पातळ ओल्या थरात सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू अशा इवल्या वनस्पतींचे थवेच्या थवे उगवतात. त्यांतल्या काही कीटकभक्षी आहेत, कारण त्या मातीत त्यांना पुरेसे अन्नद्रव्य मिळत नाही. आपल्या पन्हाळ्याजवळचे मसाई पठार हेही जांभ्याचेच, म्हणून कोल्हापूरच्या माणसाला ही सृष्टी अगदी परकी नाही. शिवाय सडा पावसाचे पाणी धरतो आणि ते मुरवून खालच्या गावांच्या विहिरींना आणि पऱ्ह्यांना, म्हणजे ओढ्यांना पुरवतो. गावातल्या जाणत्या माणसांना हे पूर्वीपासून माहीत आहे.

आणि हाच सडा आज सर्वांत असुरक्षित आहे. सरकारी कागदांत त्याची गणना पडीक जमिनीत होते. त्यावर बांधकामाचे चिरे काढणाऱ्या खाणी निघतात, सुरुंग लावून खड्डे पाडून बाहेरची माती भरून कलमांच्या बागा होतात, रस्ते जातात, प्रकल्प येऊ घालतात. बारसूच्या सड्यावरच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून २०२३ मध्ये जे आंदोलन पेटले ते सर्वांना आठवत असेल. त्या वादाच्या सर्व बाजूंत इथे शिरत नाही, परंतु सडा रिकामा आहे हे गृहीतक चूक आहे, एवढे त्या निमित्ताने महाराष्ट्राला कळायला हवे होते. येथे एक कठीण गोष्ट मान्य केली पाहिजे. बहुतेक सडे खाजगी मालकीचे आहेत. चिरा विकून किंवा कलमे लावून ज्याला दोन पैसे मिळतात, त्याला कातळशिल्पासाठी ते सोडून दे असे आपण केवळ संस्कृतीच्या नावाने सांगू शकत नाही. त्याच्या जमिनीवरचे शिल्प पाहायला जर वर्षभर माणसे येणार असतील आणि प्रवेशशुल्काचा ठरलेला वाटा दर वर्षी त्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या खात्यात पडणार असेल, तर तो स्वतःच त्या शिल्पाचा राखणदार होईल. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या सड्यावरच्या हत्तीच्या शिल्पाभोवती दगडी गडगा घालून ते जपले. गाव पुढे आले की काय होऊ शकते याचे हे उदाहरण समोर आहे.

साताऱ्याच्या कास पठाराचा अनुभव यासाठी उपयोगी आहे, दोन्ही अर्थांनी. गर्दीने फुले तुडवली जाऊ लागल्यावर तिथे रोजच्या संख्येवर मर्यादा आली, शुल्क आले आणि भोवतालच्या गावांच्या समित्यांना काम मिळाले. त्याच वेळी फुलांच्या हंगामातल्या शनिवार-रविवारी तिकडचे रस्ते वाहनांनी तुंबतात, हेही खरे. कास बहुतांशी वनखात्याच्या ताब्यात आहे, त्यामुळे निदान निर्णय घेणारा एक तरी आहे. रत्नागिरीच्या सड्यांवर असा कोणी एक नाही. म्हणून तिथे नियम आधी हवेत आणि जाहिरात नंतर. दुर्दैवाने आपल्याकडे क्रम नेहमी उलटा असतो.

या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते दोन्ही गंभीरपणे घ्यावेत असे आहेत. पहिला रोजगाराचा. पॅरासेलिंग, बनाना राइड, वाळूवरच्या घोडागाड्या, मोठी रिसॉर्ट यांमुळे किनाऱ्यावरच्या तरुणांना काम मिळते, त्यांना मुंबईची गाडी पकडावी लागत नाही, मग तुम्ही इतिहासाच्या गप्पा कशाला मारता, असे विचारले जाते. जलक्रीडांना माझा विरोध नाही. सुरक्षेची साधने आणि प्रशिक्षित माणसे असतील तर त्या खुशाल चालाव्यात. परंतु तासाभराच्या खेळातून मिळणारे काम हंगामी असते आणि पावसाळ्यात ते पूर्ण थांबते. मुक्कामी राहणारा माणूस दोन वेळचे जेवण, चहा-नाश्ता, अंथरूण, रिक्षा, वाटाड्या, कोकम, फणसपोळी असा पैसा अनेक घरांत वाटतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला माणसे येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्याच घरी जेवतात. तिथे मोठे हॉटेल नाही म्हणून कोणाचे अडले नाही, आणि ज्या अंड्यांची पूर्वी चोरी होत असे ती अंडी आता गावच राखते. सड्यांवरचे पर्यटन तर ऐन पावसात चालू शकते, म्हणजे ज्या महिन्यांत किनारा बंद असतो नेमक्या त्याच महिन्यांत.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. उद्यमनगरच्या कारखान्यात किंवा इचलकरंजीच्या मागावर आठवडाभर राबणाऱ्या माणसाला एकच सुट्टी मिळते, त्याला मुलाबाळांना समुद्र दाखवायचा असतो, मुक्कामाचा खर्च झेपत नाही. त्याला तुम्ही दोन दिवस राहा, व्याख्याने ऐका असे सांगणार काय? हा आक्षेप खरा आहे. समुद्रावर कोणाचीही मक्तेदारी नाही, आणि पर्यटन समंजस करण्याच्या नावाखाली ते महाग करणे हा अन्याय ठरेल. म्हणून मुक्कामाची सक्ती मी सुचवत नाही. एका दिवसाच्या सहलीतही एक ठिकाण गाळून दुसऱ्याला तीन तास देता येतात. पाच जागा उरकण्यापेक्षा राजवाडा आणि मांडवी, किंवा रत्नदुर्ग आणि मिरकरवाडा, एवढेच धरले तर खर्च कमीच होतो. रत्नदुर्गाच्या तटावरून फिरताना तीन बाजूंनी समुद्र आणि आत भगवतीचे देऊळ, एवढे दृश्य मुलांसाठी दिवसभर पुरते. स्वस्त धर्मशाळा, युवा निवास आणि एसटीच्या मुक्कामी गाड्या ही मात्र शासनाने करायची कामे आहेत, आणि रस्त्यावर खर्च होणाऱ्या रकमेच्या मानाने ती क्षुल्लक आहेत.

इथे शिमग्याचाही उल्लेख केला पाहिजे. फाल्गुनात रत्नागिरीच्या श्री देव भैरीची आणि गावोगावच्या ग्रामदेवतांची पालखी देवळाबाहेर पडते, घरोघर जाते, तिच्या वाटेवर माणसे नाचतात, नमन-खेळे रात्रभर चालतात आणि त्यासाठी चाकरमानी मुंबईहून रजा काढून येतात. हा उत्सव पर्यटकांसाठी नाही आणि तो तसा होऊही नये. पण त्याला आमंत्रित पाहुण्यासारखे, मागे उभे राहून, हातातला मोबाईल खिशात ठेवून हजर राहता येते. जोतिबाच्या चैत्री यात्रेत सासनकाठ्या नाचवणाऱ्या आपल्या लोकांना पालखी अंगात भिनते म्हणजे काय हे शिकवावे लागणार नाही, आणि त्यामुळेच इतर कोणाहीपेक्षा कोल्हापूरकर तिथे चांगला पाहुणा ठरू शकतो.

कोल्हापूरने आपल्या बाजूने काय करावे, याबद्दल माझी सूचना शाळांपासून सुरू होते. दर हिवाळ्यात जिल्ह्यातल्या शेकडो शाळांच्या सहली निघतात आणि त्यांतल्या अनेक सहलींत रात्रभराचा प्रवास, चार देवळे आणि एक जलउद्यान एवढाच कार्यक्रम असतो. शैक्षणिक सहलींना एसटी भाड्यात सवलत देते, ती सवलत वापरून एक मुक्कामाची रत्नागिरी सहल ठरवणे कोणत्याही मुख्याध्यापकाच्या आवाक्यात आहे. निघण्यापूर्वी वर्गाला टाउन हॉलमधला पोसायडन दाखवावा. पहिल्या दिवशी थिबा राजवाडा आणि झाडगावचे मत्स्यालय, संध्याकाळी भाट्याचा किनारा, ओहोटीची वेळ पाहून. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे चढण्याआधी उक्षी किंवा जांभरूणचा सडा, आणि तिथे गावातल्याच माणसाने मुलांना शिल्पे दाखवावीत, त्याबद्दल शाळेने त्याला रीतसर पैसे द्यावेत. जेवण गावातल्या महिला बचतगटाकडे द्यावे. सड्यावर चढताना मुलांनी पायताण काढून ठेवावे, शिल्पाच्या रेषेवर पाय देऊ नये, खडूने रेषा गिरवू नयेत, हे शिक्षकांनी आधीच सांगितलेले असावे.

जिल्हा परिषदेने आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाने येत्या वर्षी प्रत्येक तालुक्यातून दहा शाळा निवडून याची सुरुवात करावी. रत्नागिरी जिल्हा परिषदेनेही आपल्या मुलांना बदल्यात पन्हाळ्याला, मसाई पठारावर आणि राधानगरीच्या धरणावर पाठवावे. दोन्ही बाजूंच्या वाटाड्यांचे प्रशिक्षण एकत्र झाले तर राजापूरच्या वखारीची गोष्ट पन्हाळ्यावर सांगता येईल आणि पन्हाळ्याच्या वेढ्याची राजापुरात. चौपदरी रस्त्याचे उद्‌घाटन व्हायच्या आत हे प्रशिक्षण सुरू झालेले असले पाहिजे, कारण रस्ता खुला झाल्यानंतर पहिल्या दोन हंगामांत जी सवय लागेल ती पुढे वीस वर्षे मोडता येणार नाही.